वृत्तपत्राचा धनी कोण?

वृत्तपत्र हा समाजाचा आरसा होय, ही उपमा आपल्या भाषेत रूढ आहे; आणि ती रूढ होणे साहजिकच होते, कारण मराठीतील पहिल्या वृत्तपत्राचे नावच मुळी ‘दर्पण’ होते. बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ते सुरू केले. मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघणारे हे पत्र १८४० साली बंद पडले. तथापि त्याचा जन्मदिवस महाराष्ट्र आजही पत्रकार दिन म्हणून पाळतो. परंतु आरसा म्हटला की तो धरणारा हात आलाच. तो हात जिकडे वळेल तिकडचेच प्रतिबिंब त्यात पडते. उरलेला समाज असतो, पण दिसत नाही.

ज्ञातीच्या वार्षिकात हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. ‘वर्तमानपत्रांत आपली दाद लागत नाही’ ही तक्रार कोणत्या ज्ञातिसभेत निघत नाही? या तक्रारीला जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि ज्यांनी ती केवळ न करता तिच्यावर उपाय योजिला, त्यांचे स्मरण या निमित्ताने करावे, एवढाच आमचा हेतू आहे.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच्या कार्याला पुण्याच्या तत्कालीन पत्रांत स्थान मिळणे कठीण होते. मिळालेच तर उपहासापुरते. तेव्हा कृष्णराव भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी ‘दीनबंधु’ हे साप्ताहिक काढले. पाठीशी ना संस्थानिक, ना सावकार. पुढे १८८० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत आपल्या हाती घेतले, आणि गिरणीकामगारांच्या सुटीचा व वेळेचा प्रश्न छापील अक्षरांत येऊ लागला. जो प्रश्न इतरांना बातमी वाटत नव्हता, तो येथे मुख्य विषय झाला. मालकी बदलली की बातमीची व्याख्या बदलते, हा या इतिहासातील पहिला धडा होय.

दुसरा धडा १८८२ सालचा. ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी कोल्हापूरच्या महाराजांच्या छळाविषयी कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर टीका केली. ज्या पत्रांच्या आधारे ती केली, ती बनावट ठरली. टिळक व आगरकर यांनी दिलगिरी व्यक्त केली, तरीही उभयतांना चार महिन्यांची शिक्षा झाली व डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. या खटल्यात जामिनाची वेळ आली, तेव्हा फुले यांच्या शब्दावरून त्यांचे स्नेही रामशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन दिला. मतांनी दोन टोकांना असलेल्या माणसांत हे घडले. मतभेद असावेत, पण प्रतिपक्षाचा छापखाना बंद पडावा अशी इच्छा नसावी, ही थोरवी त्यात आहे. आधाराची खातरजमा केल्यावाचून छापलेला मजकूर सद्हेतूनेही वाचविता येत नाही, हेही त्यातच आहे.

आता एक कटू गोष्ट सांगणे प्राप्त आहे. फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्याची पहिली दोन प्रकरणे ‘दीनबंधु’त आली, पुढील प्रकरणे छापण्यास पत्राचे चालक धजले नाहीत आणि जोतीराव त्यांच्यावर संतापले. म्हणजे ज्या चळवळीसाठी ते पत्र जन्मास आले, तिच्या प्रवर्तकाचेच लिखाण तेथे अडले. आपले माणूस संपादक झाले म्हणजे सर्व काही साधले, असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानी ठेवावा. भय, व्यवहार आणि सरकारचा रोख ही बंधने आपल्या माणसालाही असतात.

३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबईत ‘मूकनायक’ पाक्षिक सुरू केले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. बाबासाहेब तेव्हा सिडनॅम महाविद्यालयात प्राध्यापक असल्याने संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. नव्या पत्राची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला. बातमी नाही, अग्रलेख नाही, केवळ रोख मोबदल्याची जाहिरात, आणि तीही नाही! पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी दाखवून दिले की मुंबई इलाख्यातील पुष्कळशी पत्रे विशिष्ट जातींचेच हित पाहतात. परंतु तेवढ्यावर न थांबता, एका जातीचे नुकसान केल्याने दुसरीचेही नुकसान झाल्यावाचून राहत नाही, हेही त्यांनी बजाविले. स्वतःच्या पत्राचे ध्येय सांगतानाही त्यांची दृष्टी आपल्या वर्गापुरती नव्हती.

‘मूकनायक’ १९२३ मध्ये थांबले. ‘बहिष्कृत भारत’ १९२७ ते १९२९ चालले, आणि त्यातील बहुतेक मजकूर बाबासाहेब एकहाती लिहीत. १९३० साली निघालेले ‘जनता’ मात्र टिकले व १९५६ साली त्याचेच ‘प्रबुद्ध भारत’ झाले. पत्रे पडली ती विचारांच्या दारिद्र्याने नव्हे, तर वर्गणीच्या अभावी. याउलट मुकुंदराव पाटील यांचे ‘दीनमित्र’ पाहावे. हे भालेकरांचेच पुत्र. अहमदनगर जिल्ह्यातील सोमठाणे व पुढे तरवडी अशा खेड्यांतून १९१० पासून अर्धशतकाहून अधिक काळ त्यांनी ते चालविले.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाचे रूप पालटले. आता जातीबरोबर भांडवलाचा प्रश्न आला. न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील वृत्तपत्र आयोगाने १९५४ च्या अहवालात मालकी थोड्या हातांत एकवटत असल्याकडे लक्ष वेधिले. मोठ्या पत्रांनी अधिक पाने स्वस्तात देऊन लहानांना बुडवू नये, म्हणून किंमत व पाने यांची सांगड घालणारा कायदा १९५६ साली झाला. पुण्याच्या ‘सकाळ’ने त्यास आव्हान दिले, आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला, कारण सक्तीने किंमत वाढली की खप घटतो, आणि खप घटला की भाषणस्वातंत्र्यच आकुंचित होते. धनिकाला आवर घालावयास निघालेल्या सरकारच्या हाती पत्राची पाने मोजण्याचा अधिकार जावा काय, या पेचाचे सोपे उत्तर तेव्हा नव्हते, आजही नाही.

पुढे २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातील उमेदवारांची स्तुती पैसे घेऊन बातमीच्या वेषात छापल्याचे प्रकरण देशभर गाजले. १९२० साली पैसे देऊनही जाहिरात मिळाली नाही. २००९ साली पैसे देऊन बातमी मिळाली. वरकरणी या दोन गोष्टी परस्परविरुद्ध दिसतात. पण दोहोंत फसला तो वाचकच. काय गाळले हे त्याला पहिल्या वेळी कळले नाही, आणि काय विकले हे दुसऱ्या वेळी.

यावरून आपला बोध कोणता? पत्राचा धनी अखेर तोच, जो त्याचा खर्च सोसतो. वाचकाने वर्गणी टाळली की ती जागा जाहिरातदार, पुढारी किंवा सरकार भरून काढते आणि मग धनीपणही त्यांचेच होते. म्हणून घरात येणाऱ्या पत्राचा मालक कोण, हे प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्यावे. जे पत्र चूक ठळकपणे दुरुस्त करते व विरोधकाचे पत्र छापते, त्यास पदरमोड करूनही आश्रय द्यावा.

आणि हाच दंडक आपल्या ज्ञातिपत्रांनाही लावावा. जेथे केवळ सत्कार आणि छायाचित्रे येतात, परंतु निधीचा हिशेब व सभासदाची टीका येत नाही, तेथे इतरांच्या पक्षपाताविरुद्ध बोलण्याचा अधिकार क्षीण होतो. पूर्वजांनी उपाशी राहून छापखाने चालविले ते आपली स्तुती छापून यावी म्हणून नव्हे. जे कोणी छापीत नव्हते ते छापले जावे म्हणून. आपल्या पुढील पिढीच्या हाती हाच वारसा जावो, ही प्रार्थना.