उंच इमारतींच्या पाट्या कोणाशी बोलतात?

वाचकहो, पाटी वाचता येणे ही साक्षरतेची पहिली खूण. परंतु पाटी कोणासाठी लिहिली आहे हे ओळखणे, ही त्यापुढची इयत्ता होय. आपल्या अड्याळात गगनचुंबी इमारती नाहीत. पण आपली मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी नागपूर-मुंबईस जातात आणि अशा इमारतींच्या दाराशी उभी राहतात. म्हणून हा विषय आपणापुढे मांडीत आहे.

वास्तूवर नाव कोरण्याची रीत आपल्या तालुक्यास नवी नाही. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन झाले व सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा बौद्ध स्तूप उजेडात आला. त्याच्या दगडी कठड्यावर ब्राह्मी अक्षरांत दात्यांची नावे आहेत. ज्याने दिले, त्याचे नाव दगडावर. सरळ हिशेब!

मुंबईत हा हिशेब बदलला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर मनोरे चढले. लोअर परळला श्रीनिवास मिल होती. कामगाराच्या जिभेवर सहज बसणारे नाव! तिच्या जागी आज २८० मीटर उंचीचा मनोरा आहे, त्याचे नाव 'वर्ल्ड वन'. चार्ल्स कोरिया यांची 'कांचनजंगा' १९८३ साली उभी राहिली, तिचे नाव निदान हिमालयातून आणलेले होते. ताडदेवला झोपडपट्टीच्या जमिनीवर साठ-साठ मजल्यांचे दोन मनोरे झाले, त्यांस 'इम्पीरियल' म्हणतात. साम्राज्य १९४७ साली गेले. पाटीवर मात्र ते परत आले आहे. मूळच्या झोपडीवासीयांना शेजारीच घरे मिळाली, हेही सांगितले पाहिजे. त्या इमारतींची नावे मात्र कोणी विचारीत नाही.

एक उदाहरण आपल्या समाजाने विशेष लक्षात ठेवावे असे आहे. गिरणीमालक सर करीमभॉय इब्राहिम यांच्या नावाचा खोजा यतीमखाना अल्टामाउंट रोडवर होता. अनाथ मुलांच्या संगोपनासाठी व तालिमीसाठी १८९५ साली स्थापन झालेली ही संस्था. तिची जमीन २००२ साली २१ कोटी ५ लाख रुपयांस विकली गेली. जमीन वक्फची की नाही, यावरून वाद न्यायालयात गेला. त्या जागेवर २०१० साली सत्तावीस मजली निवासस्थान पूर्ण झाले. त्याचे नाव 'अँटिलिया', म्हणजे अटलांटिक महासागरातील एक काल्पनिक बेट. यतीमखान्याची पाटी गेली आणि अस्तित्वातच नसलेल्या बेटाची आली. दानपत्रे, नोंदी, सात-बारा हे कागद वाचणारी मुले प्रत्येक मोहल्ल्यात हवीत ती यासाठी.

आता इमारतीच्या आत चला. पुष्कळ ठिकाणी लिफ्ट दोन असतात. एक रहिवाशांची, दुसरी मोलकरीण, दूधवाला, सामान यांच्यासाठी. माणूस आणि सामान एकाच पाटीखाली! आणखी गंमत पाहा. इमारतीचे नाव डौलदार इंग्रजीत, पण 'येथे थांबू नये', 'नोंद करूनच आत जावे' या सूचना बहुधा मराठी-हिंदीत असतात. भाषा मानाची कोणती व मनाईची कोणती, हे तेथे न शिकवता कळते.

कायद्याने काही केलेच नाही असे नव्हे. २०२२ साली राज्याने दुकाने व आस्थापना अधिनियमात दुरुस्ती केली. लहान दुकानांनाही देवनागरी मराठी पाटी सक्तीची झाली आणि मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नसावे असे ठरले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. मला हा कायदा योग्य वाटतो. ज्या राज्यात धंदा करायचा त्या राज्याची भाषा ठळक असावी. परंतु तो दुकानाच्या कपाळापुरता आहे. मनोऱ्याच्या नावाला वा लिफ्टच्या दाराला तो शिवत नाही.

मराठी ठळक असावी म्हणजे दुसरी भाषा पुसावी, असा अर्थ काहींनी काढला. अकोला जिल्ह्यातील पातूर नगर परिषदेच्या इमारतीवर मराठीखाली उर्दूत नाव होते. परिषद १९५६ पासून मराठीबरोबर उर्दू वापरीत आली होती. २०२० साली त्या ओळीला हरकत घेतली गेली. प्रकरण जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त, नागपूर खंडपीठ असे चढत सर्वोच्च न्यायालयात पोचले. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती सुधांशु धुलिया व न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन यांनी ती ओळ कायम ठेवली. भाषा म्हणजे धर्म नव्हे, आणि उर्दू ही मराठी-हिंदीप्रमाणेच याच भूमीत जन्मलेली भाषा आहे, असे त्यांनी नमूद केले. पालकांनो, तो निकाल मिळवून घरी मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. पातूरच्या त्या पाटीवर मराठी वर होती, उर्दू खाली होती, आणि नगर परिषदेच्या दाराशी येणाऱ्या दोन्ही वाचकांना आपण कोठे आलो ते कळत होते.