टायग्रिस ते मुंबई : जखमी शिपायाचा परतीचा प्रवास

पहिल्या महायुद्धाच्या काळी धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात होता. साहजिकच हुबळी-धारवाडकडच्या शिपायाचा परदेशी आघाडीवर जाण्याचा व परतण्याचा रस्ता मुंबई बंदरातून जाई. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानही भरती होत, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही.

मुंबईत जखमींची सोय तशी वाईट नव्हती. नुकतीच बांधून झालेली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची इमारत युद्धकाळात लष्करी इस्पितळासाठी वापरली गेली. संग्रहालय म्हणून ती १९२२ साली खुली झाली. प्रश्न होता तो खाटेपर्यंत जिवंत पोचण्याचा.

२२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे लढाई सुरू झाली. जनरल टाउनशेंड यांच्या फौजेतील साडेचार हजारांच्या आसपास माणसे ठार वा जखमी झाली. जखमींना सामानाच्या, स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांत घालून नदीकाठी आणले गेले. मोडलेल्या हाडांना त्या गाडीचा प्रत्येक हिसका काय वाटला असेल! पुढे टायग्रिसमधून बसऱ्यापर्यंत जाण्यास रुग्णबोटी नव्हत्या. फौज व रसद वाहणाऱ्या बोटींतच त्यांना दाटीवाटीने भरले गेले. 'मेजिदिये' ही अशीच एक बोट. 'वरेला' या रुग्णनौकेवरील इंडियन मेडिकल सर्व्हिसचे मेजर कार्टर यांना लांबून तिच्या कडेने दोर लोंबल्यासारखे दिसले. बोट जवळ आल्यावर कळले की ती हगवणीने आजारी शिपायांची विष्ठा होती. कित्येकांच्या जखमांवरील पट्ट्या अनेक दिवस बदललेल्या नव्हत्या. कार्टर यांनी तक्रार केली, तेव्हा वरिष्ठांनी उलट त्यांनाच अटकेची धमकी दिली.

चौकशी मात्र टळली नाही. मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वैद्यकीय व्यवस्थेच्या दुरवस्थेबद्दल त्यात हिंदुस्थान सरकारवर कडक ठपका होता. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. टाउनशेंडची फौज तोवर कूत येथे शरण जाऊन वर्ष उलटले होते.

त्याच १९१७ साली मुंबईच्या गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांनी अपंग शिपायांसाठी क्वीन मेरी तंत्रशाळा काढली. ही शाळा पुढे पुण्याजवळ खडकीला गेली. हात किंवा पाय गमावलेला शिपाई तेथे धंदा शिके आणि मग गावची गाडी धरी.