नेट गेलं तरी प्रिंट निघते! वाय-फाय प्रिंटर जोडायच्या पद्धती समजून घ्या

नागपूर : जून महिना आला की काटोल, नरखेड, कुही, भिवापूर अशा सगळ्याच तालुक्यांत सेवा केंद्रांवर गर्दी होते. कुणाला पीककर्जासाठी सातबारा हवा, कुणाला प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला. नेमकं तेव्हाच 'नेट नाही, प्रिंट निघणार नाही' असं ऐकायला मिळतं. कागद डाउनलोडच झाला नसेल तर ते खरं. पण डिजिटल सहीच्या सातबाऱ्याची पीडीएफ मोबाईलमध्ये आधीच असेल, तर प्रिंटला सहसा इंटरनेट लागत नाही.

वाय-फाय आणि इंटरनेट एकच समजल्यामुळे हा घोळ होतो. मोबाईलमधून निघालेली प्रिंट राउटरकडे जाते, तिथून प्रिंटरकडे. सगळा प्रवास खोलीतल्या खोलीत. बाहेरची फायबर तुटली तरी राउटर सुरू असेल तर काम होतं. फक्त मोबाईल आणि प्रिंटर एकाच राउटरवर हवेत. 'गेस्ट' नावाच्या वाय-फायवर मोबाईल जोडला तर बहुतेक वेळा प्रिंटर दिसत नाही. स्वस्त प्रिंटर बरेचदा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, ५ वर नाही. नवा प्रिंटर जोडताना निम्मा वेळ यातच जातो.

लाईट जाऊन आली की प्रिंटर 'ऑफलाईन' दाखवतो, ही नेहमीची तक्रार. राउटरने प्रिंटरला नवा आयपी पत्ता दिलेला असतो आणि कॉम्प्युटर जुन्याच पत्त्यावर शोधत बसतो. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरचा पत्ता एकदा पक्का करून टाकला की ही कटकट संपते.

राउटरच नसेल तर 'वाय-फाय डायरेक्ट'. यात प्रिंटर स्वतःचं छोटं वाय-फाय तयार करतो. मोबाईलच्या यादीत बहुधा 'डायरेक्ट' ने सुरू होणारं नाव दिसतं. जोडल्यावर फोन 'इंटरनेट नाही' असं सांगेल. घाबरू नका, तरीही जोडून ठेवा.

ज्या दुकानात दिवसभर प्रिंटा निघतात, तिथे लॅन केबलच बरी. एकदा खोचली की विषय संपला.

जुना यूएसबी प्रिंटर फेकायची गरज नाही. प्रिंट सर्व्हर नावाची छोटी डबी मिळते, ती त्याला नेटवर्कवर आणते. पण डबीच्या यादीत आपलं मॉडेल आहे का ते आधी बघा. स्कॅनिंग पुष्कळदा चालत नाही, हेही विचारूनच पैसे द्या.

काही नवे प्रिंटर मात्र कंपनीच्या सर्व्हरशी सतत जोडलेले असावे लागतात. ते नेटशिवाय अडतात. घेताना दुकानदाराला स्पष्ट विचारा.

डायरेक्टचा पासवर्ड काही प्रिंटरवर १ ते ८ आकडे असा सोपाच असतो. तो केंद्रचालकाने पहिल्याच दिवशी बदलावा. आणि गिऱ्हाइकाने आधारची फाईल केंद्राच्या कॉम्प्युटरवर पाठवली असेल, तर प्रिंट हातात पडल्यावर ती तिथून डिलीट करायला सांगावी.