सभेत बोलण्याची शाळा



वादविवाद म्हटला की आपल्या घरांतून अजूनही कपाळाला आठी पडते. वाद म्हणजे भांडण, आणि मुलीने वाद घालणे म्हणजे उलट बोलणे, असा आपला समज. त्यामुळे हायस्कुलातील वादविवाद स्पर्धेसाठी मुलाचे नाव हौसेने दिले जाते, मुलीच्या नावाला मात्र विचार पडतो. हा प्रघात आला कोठून, हे पाहावे म्हणून मी पुस्तके मिळवून वाचली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. जेवढे उमजले तेवढे आपल्यापुढे ठेवते.

वाद आपल्याला नवा नाही. बृहदारण्यक उपनिषदात जनक राजाच्या सभेत गार्गीने याज्ञवल्क्यांना भर सभेत प्रश्न केले. आपल्या न्यायशास्त्राने बोलण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी तो वाद, केवळ जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःचे काही न मांडता दुसऱ्याचे मोडायचे ती वितंडा. आपण घरी ज्याला वाद म्हणतो ती बहुधा वितंडाच असते!

इंग्रजी अमदानीत विद्यार्थ्यांच्या सभा निघाल्या. मुंबईस १८४८ साली एल्फिन्स्टनमधील विद्यार्थ्यांनी व प्राध्यापकांनी एक सभा स्थापन केली. तेथे निबंध वाचावयाचे व त्यावर चर्चा करावयाची. स्त्रीशिक्षणावर बोलणे झाले आणि ते बोलण्यावरच थांबले नाही. १८४९ साली या तरुणांनी मुलींच्या शाळा काढल्या व स्वतः बिनपगारी शिकवले. दादाभाई नौरोजी त्यांतलेच. पुण्यात जोतिराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली तीही १८४८ सालीच. पुढे पुण्यास न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती चालवणाऱ्या सभेचे नावच वक्तृत्वोत्तेजक सभा. आपल्या नाशकातही १९२२पासून गोदाकाठी वसंत व्याख्यानमाला भरत आली आहे.

नाशकाचा या कथेत आणखी एक मान आहे. १८७८च्या सुमारास रानड्यांची बदली येथे झाली. त्यांच्या पत्नी रमाबाई तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या. लग्नाच्या वेळी, १८७३ साली, त्यांना अक्षरओळखही नव्हती. त्यांचे पहिले जाहीर भाषण झाले ते याच गावी, नाशिक हायस्कुलात. ते भाषण रानड्यांनी लिहून दिले होते. पण त्याच रमाबाई १९०४ साली मुंबईस भरलेल्या भारत महिला परिषदेच्या अध्यक्ष झाल्या, आणि पुण्यात मुलींनाही सक्तीचे शिक्षण हवे या चळवळीत पुढे राहिल्या. पहिले भाषण दुसऱ्याने लिहून दिले म्हणून काही बिघडले नाही; उभे राहण्याची सवय झाली, हे महत्त्वाचे.

पुढे १९००च्या सुमारास तिळभांडेश्वराच्या गल्लीत मित्रमेळ्याच्या साप्ताहिक बैठका होत. विनायकराव सावरकर तेव्हा हायस्कुलात होते. पोरे इतिहासावर बोलत, चर्चा करीत. बायका तेथे नसत. तेव्हा येसूवहिनी सावरकरांनी बायकांना एकत्र आणून आत्मनिष्ठ युवती संघ चालवला.

आता आजच्या स्पर्धेची रीत सांगते. बहुधा प्रत्येक शाळेची जोडी असते. एकाने विषयाच्या बाजूने बोलावयाचे, दुसऱ्याने विरुद्ध. वेळ मोजून दिलेली, घंटा झाली की थांबावयाचे. पाठांतरावर भागत नाही. आधीच्या वक्त्याचा मुद्दा ऐकून त्याचे खंडन करावे लागते, म्हणून कान उघडे ठेवणे आलेच. परीक्षक मुद्दे, भाषा व खंडन पाहून गुण देतात.

आमच्या घरी माझ्या मुलीच्या नावावरून चार दिवस बोलणे चालले. तिच्या वाट्याला विरुद्ध बाजू आली होती. सासूबाईंनी विचारले, "जे पटत नाही ते हिने का बोलावे?" प्रश्न खरा होता. मी म्हटले, "दुसऱ्याला ते का पटते हे हिला कळावे म्हणून." मग त्याच म्हणाल्या, "असे असेल तर हे मोठ्यांनाही शिकवायला हवे." मुलीचे नाव गेले. बक्षीस मिळाले नाही, पण आता घरी बोलताना ती समोरच्याचे पुरते ऐकून घेते.

ज्या मुलीला नम्रपणे 'मला हे मान्य नाही, कारण...' असे म्हणता येते, तिचे शिक्षण किंवा लग्न तिला न विचारता ठरवणे अवघड जाते. माझी शाळा सातवीत सुटली तेव्हा मजजवळ रडणे होते, कारणे मांडणारे शब्द नव्हते.

म्हणून मंडळाला एक सुचवते. पुढील वर्धापनदिनी रांगोळी व पाककृतीच्या जोडीला आठवी ते दहावीच्या मुलींसाठी वादविवादाची एक स्पर्धा ठेवावी. खर्च थोडा; एक घड्याळ, एक घंटा आणि ऐकणारी माणसे पुरतील. ऐकणाऱ्यांत आपण सर्वजणी असावे, हीच विनंती.