कानाकडून कोडकडे

नगर-मनमाड रस्त्यावर आमच्या वडिलांनी गॅरेज टाकलं, तेव्हा डिझेल ट्रक म्हणजे टाटा-मर्सिडीज. १९५४ पासून जमशेदपूरला बनणाऱ्या त्या गाड्यांत सेन्सर नावाची चीजच नव्हती. लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनला टेकवून त्याची मूठ कानाला लावायची, एकेका नोझलचा पाइप सैल करायचा. ज्याचा पाइप सैल करूनही आवाज बदलला नाही, ते सिलिंडर आजारी.

एप्रिल २०१७ पासून देशभर धुराचं बीएस-चार मानक लागू झालं, २०२० ला बीएस-सहा. तिथून सेन्सर आणि संगणकामुळे इंजिनचं दुखणं बोलायला लागलं, पण स्कॅनरवर दिसणाऱ्या कोडमध्ये.

गळिताच्या हंगामात उसाचा एक छोटा ट्रक आला. 'धूर आत फिरवून इंजिन घाण होतं' म्हणून मालकानं ईजीआरच्या, म्हणजे धूर परत इंजिनात नेणाऱ्या वाटेत पत्रा ठोकलेला. स्कॅनर लावला तर पी ०४०१, म्हणजे ईजीआरचा प्रवाह कमी. मालक म्हणाला, "भाऊ, सेन्सर बदला." मी मल्टीमीटर लावला. सेन्सरला पाच व्होल्ट बरोबर येत होते, इंजिन रेस केलं की सिग्नलही चढत होता. सेन्सर खरं तेच सांगत होता; वाटच बंद, तर प्रवाह येणार कुठून? पत्रा काढला, कार्बन साफ केला, कोड पुसला. परत आला नाही.

कोड तक्रार सांगतो, गुन्हेगार नाही. तेव्हा मालकहो, सेन्सर विकत घेण्याआधी वायर, कनेक्टर आणि स्वतःची कारागिरी तपासून घ्या.