दवाखान्यात कानावर पडणारे इंग्रजी शब्द : उच्चार आणि अर्थ

बेसा (नागपूर) : आपल्या भागातील कुटुंबे उपचारासाठी मिहानच्या एम्समध्ये, मेडिकलला किंवा मेयोत जातात. नागपुरात ‘मेडिकल’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि दुसरा औषधाचे दुकान. तिथे गेल्यावर कागदावरचे शब्द समजले नाहीत तर डोस चुकतो, कधी ऑपरेशनही पुढे ढकलावे लागते. म्हणून नेहमी लागणारे शब्द आम्ही इथे एकत्र देत आहोत.

औषधाच्या चिठ्ठीवर

ही अक्षरे लॅटिन भाषेतून आली आहेत.
ओडी – दिवसातून एकदा. (डोळ्यांच्या तपासणीत मात्र ओडी म्हणजे उजवा डोळा.)
बीडी – दिवसातून दोनदा.
टीडीएस – दिवसातून तीनदा.
एचएस – रात्री झोपताना.
एसी – जेवणाआधी. पीसी – जेवणानंतर.
एसओएस – गरज पडली तरच. रोज घेण्याची गोळी नव्हे.
स्टॅट – ताबडतोब.

रमजानमध्ये टीडीएसच्या तीन गोळ्या इफ्तार ते सहरीच्या वेळेत आपल्या मनाने बसवू नका. महिना सुरू होण्याआधीच डॉक्टरांना विचारून वेळा बदलून घ्या.

‘फास्टिंग’ आणि ‘एनबीएम’

या दोन शब्दांत सर्वांत जास्त घोळ होतो.

फास्टिंग – रक्त तपासणीपूर्वी साधारण 8 तास काही खायचे नाही. चहा, दूधही नाही. साधे पाणी मात्र चालते. म्हणजे हा रोजा नव्हे.
पीपी – जेवणानंतर 2 तासांनी केलेली साखरेची तपासणी.
एनबीएम (निल बाय माउथ) – तोंडावाटे काहीच द्यायचे नाही. ऑपरेशनआधी हे सांगतात. भूल दिल्यावर पोटातले अन्न उलटून फुप्फुसात गेले तर जिवावर बेतू शकते. “अम्मी सकाळपासून उपाशी आहे, दोन घोट चहा तरी देऊ” ही माया इथे महागात पडते. पाण्याचा घोटही सिस्टरला विचारूनच द्या.

रिपोर्टमधील शब्द

अक्यूट – अचानक सुरू झालेला आजार.
क्रॉनिक – जुना, लांबलेला आजार. क्रॉनिक म्हणजे ‘गंभीर’ असे नव्हे.
बिनाइन – कॅन्सर नसलेली गाठ. स्पेलिंगमधला ‘जी’ उच्चारायचा नाही.
मॅलिग्नंट – कॅन्सरची गाठ. इथे ‘जी’ उच्चारतात.
बायॉप्सी – गाठीचा तुकडा काढून केलेली तपासणी. बायॉप्सी सांगितली म्हणजे कॅन्सर झालाच, असे नाही.
निगेटिव्ह – ज्याचा शोध घेतला ते सापडले नाही. बहुतेक वेळा ही चांगली बातमी असते.
स्टेबल – प्रकृती सध्या स्थिर आहे. ‘बरा झाला’ असा अर्थ नाही.
न्युमोनिया – फुप्फुसाचा संसर्ग. स्पेलिंग ‘पी’ने सुरू होते, पण तो मूक आहे.
फ्लेम – कफ. इथेही ‘जी’ मूक आहे.

शब्दाचे तुकडे ओळखा

हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी. ऐकायला सारखे, अर्थ उलटे. हायपोग्लायसेमिया म्हणजे साखर घटणे. मधुमेही व्यक्तीची साखर रोजात 70 च्या खाली गेली तर रोजा सोडावा, असा वैद्यकीय सल्ला आहे. आजारी माणसाला रोजा नंतर ठेवण्याची सवलत आहेच.
शेवटी ‘आयटिस’ आला तर सूज किंवा दाह, जसे अपेंडिसायटिस. ‘एक्टमी’ आला तर तो भाग काढणे, जसे अपेंडिसेक्टमी.

आणि एक ओळखीचा शब्द : खोकल्याचे ‘सिरप’ आणि इफ्तारचे ‘सरबत’ एकाच अरबी मुळाचे आहेत. म्हणजे हे सगळेच शब्द आपल्याला परके नाहीत.

सही करण्याआधी

कन्सेंट – उपचाराला दिलेली संमती.
डामा किंवा लामा – डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध रुग्णाला घरी नेणे. या कागदावर सही म्हणजे पुढची जबाबदारी आपली.

न समजता सही करू नका. “डॉक्टरसाहेब, हे मराठीत किंवा हिंदीत सांगा” असे म्हणण्यात कसलाही कमीपणा नाही, तो रुग्णाचा हक्क आहे. डॉक्टरांनी औषधाचे नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे, असा नियम 2016 पासून आहे. अक्षर लागत नसेल तर दुकानदाराच्या अंदाजावर राहू नका, परत जाऊन विचारा.

ही यादी घरात सर्वांना वाचून दाखवा. मात्र ती शब्द समजण्यासाठी आहे, औषध ठरवण्यासाठी नाही.