बर्कली आणि स्वतंत्र जगण्याची चळवळ

अपंग तरुणाने संस्थेच्या चार भिंतींत न राहता, चारचौघांत, स्वतःच्या मर्जीने राहावे, या मागणीला चळवळीचे बळ मिळाले ते कॅलिफोर्नियातील बर्कली शहरात. 1962 साली एड रॉबर्ट्स तिथल्या विद्यापीठात दाखल झाले. चौदाव्या वर्षी झालेल्या पोलिओने त्यांचे मानेखालचे शरीर जवळजवळ लुळे पडले होते. रात्री श्वासासाठी ‘आयर्न लंग’ लागे. ते एक लांबलचक धातूचे पिंप. डोके तेवढे बाहेर ठेवून सारे शरीर आत घ्यायचे. व्यायाम आणि मोटार चालवणे हे विषय राहिले म्हणून शाळेने त्यांचा दाखला अडवला होता, तो आई झोना यांनी भांडून मिळवला. हा मुलगा नोकरी करूच शकणार नाही, असे ठरवून राज्याच्या पुनर्वसन विभागाने आधी शिक्षणाचा खर्चही नाकारला होता.

एवढ्या अवजड यंत्राची सोय वसतिगृहात होईना, म्हणून विद्यापीठाच्या कॉवेल रुग्णालयातच त्यांना खोली मिळाली. पुढे तिथे आणखी अपंग विद्यार्थी आले आणि ते स्वतःला ‘रोलिंग क्वाड्स’ म्हणवू लागले. मदतनीस कोण ठेवायचा, किती वाजता बोलवायचा, काम पटले नाही तर कोणाला काढायचे, हे तेच ठरवत. या साऱ्या इतिहासाचे मर्म इथे आहे. आंघोळीला, कपडे घालायला दुसऱ्याचा हात लागतो म्हणून आयुष्याचे निर्णयही दुसऱ्याने घ्यावेत, ही समजूत या तरुणांनी खोटी ठरवली.

1970 मध्ये विद्यापीठात अपंग विद्यार्थ्यांसाठी खास कार्यक्रम सुरू झाला. मदतनिसांची ओळख करून देणे, राहण्याजोगे घर शोधून देणे आणि व्हीलचेअरची दुरुस्ती ही त्याची कामे. दुरुस्तीचे मोल मोठे होते. विजेवरची खुर्ची रस्त्यात बंद पडली की वर्ग, बाजार, मित्रांची भेट, सारेच बुडे. हीच मदत गावातल्या इतर अपंगांना मिळावी म्हणून 1972 मध्ये ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ उभे राहिले. त्याचा कारभार प्रामुख्याने अपंगांच्याच हाती होता. त्याच सुमारास व्हीलचेअर सहज चढावी-उतरावी म्हणून शहरातील पदपथांच्या कडांना उतार होऊ लागले.

1975 मध्ये रॉबर्ट्स त्याच पुनर्वसन विभागाचे संचालक झाले. 1977 मध्ये अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ज्युडिथ ह्यूमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील केंद्र सरकारच्या कार्यालयात तीन आठवड्यांहून अधिक काळ ठिय्या देऊन अपंगांबाबतच्या भेदभावाविरुद्धचे नियम मंजूर करून घेतले.

पुढे संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्क करारातील कलम 19 ने समाजात राहण्याचा हा हक्क मान्य केला. भारताच्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 5 याच हक्काविषयी आहे आणि त्यात व्यक्तिगत मदतीचाही उल्लेख आहे. ही मदत खर्चासह प्रत्येक तरुणाच्या दारापर्यंत पोहोचवणे, हे सरकारचे काम अजून बाकी आहे.